रिपोर्टवरचा आकडा लहान म्हणजे औषध जास्त ताकदीचं, असं नसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंना लघवीला जळजळ होत होती, ताप नव्हता. कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू आला. रिपोर्टवर औषधांची लांबलचक यादी होती. त्यात मेरोपेनेमपुढे '०.२५ किंवा कमी', नायट्रोफ्युरँटॉइनपुढे '१६' आणि दोन्हींपुढे 'एस', म्हणजे सेन्सिटिव्ह. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन दिलं. तुमचं म्हणणं, ज्याचा आकडा लहान ते जास्त पॉवरफुल, मग आईला कमी पॉवरचं औषध का? आणि सगळीच अँटिबायोटिक्स जंतू मारतात, तर इतके गट कशाला?

असे रिपोर्ट तपासून सही करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हा प्रश्न नातेवाइकांइतकाच नवे रुजू झालेले डॉक्टरही विचारतात. तुमच्या दोन्ही शंकांच्या मुळाशी एकच समजूत आहे: अँटिबायोटिक्सची उतरंड असते, खाली साधी, वर हाय पॉवरची. तशी उतरंड नसते. प्रत्येक गट जंतूच्या एका ठरावीक कामात खोडा घालतो. तो जंतू ते काम करतो का, औषध त्या जागेपर्यंत पोचतं का, आणि पोचायला लागेल तेवढा डोस पेशंटला सोसेल का, एवढ्यावर निवड ठरते. आईंचं वय, किडनीचं काम, आधी घेतलेली औषधं यांतलं मला काहीच माहीत नाही, त्यामुळे त्यांच्या उपचाराबद्दल मी जे म्हणेन ते या अटीवर.

आधी तो आकडा. जंतू आम्ही औषधाच्या वाढत्या मात्रांमध्ये वाढवून बघतो. प्लेटमधल्या प्रत्येक पुढच्या खणात मात्रा दुप्पट: ०.२५, ०.५, १, २, ४, ८, १६, ३२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. रात्रभर उबेत ठेवल्यावर जिथे जंतू वाढलाय तो खण गढूळ होतो. पहिला स्वच्छ खण जो, त्याचा आकडा म्हणजे एमआयसी. तुमच्या रिपोर्टवरचा '०.२५ किंवा कमी' म्हणजे मशीनने ठेवलेल्या सगळ्यांत कमी मात्रेच्या खणातही वाढ दिसली नाही, बस. आणि तोच जंतू उद्या पुन्हा लावला तर १६ च्या जागी ८ किंवा ३२ येऊ शकतो. एक खण इकडेतिकडे होणं हे या पद्धतीत धरलेलंच आहे.

हा आकडा दुसऱ्या औषधाच्या आकड्याशी ताडून बघायचाच नसतो. तो ताडायचा त्याच औषधाच्या ठरलेल्या मर्यादेशी. आम्ही वापरतो त्या सीएलएसआयच्या (लॅबच्या मर्यादा ठरवणारी अमेरिकन संस्था) तक्त्यात ई. कोलायसाठी मेरोपेनेमची मर्यादा १ आहे आणि लघवीच्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइनची ३२. एवढा फरक का, तर नायट्रोफ्युरँटॉइन रक्तात जेमतेम राहतं, साधारण १ मायक्रोग्रॅमच्या आतच, कारण किडनी ते भराभर लघवीत टाकते. लघवीत मात्र त्याची पातळी ५० ते १०० आणि त्याहूनही वर जाते. मूत्राशयातल्या ई. कोलायला १६ पुरत असेल तर तिथे औषध गरजेहून कितीतरी जास्त आहे. तोच जंतू रक्तात उतरला असता तर हेच औषध कुचकामी ठरलं असतं, रिपोर्टवर 'एस' असूनही. मेरोपेनेमचं इंजेक्शन तशा वेळेसाठी राखून ठेवतात.

आता गट. सगळ्यांत मोठा आणि मला स्वतःला सगळ्यांत आवडणारा गट म्हणजे पेशीभित्तिकेवर काम करणारी औषधं. जंतूच्या आत क्षार, साखरा, प्रथिनं गच्च भरलेली असतात, त्यामुळे बाहेरचं पाणी सतत आत शिरू बघतं. स्टॅफिलोकोकससारख्या जंतूच्या आत सुमारे २० वातावरणदाब असतो असं मोजलं गेलंय. आतलं नाजूक पटल म्हणजे सायकलची ट्यूब समजा. ती फुटत नाही ती वरच्या टायरमुळे, आणि हा टायर म्हणजे पेप्टिडोग्लायकनची भित्तिका. आपल्या पेशींना अशी भित्तिकाच नसते, म्हणून पेनिसिलिन एरवी माणसाला मोठ्या डोसमध्येही सोसतं. ॲलर्जी ही वेगळी बाब.

भित्तिका साखरेच्या लांब साखळ्यांची असते आणि त्या साखळ्या छोट्या पेप्टाइडच्या दुव्यांनी एकमेकींना आडव्या जोडलेल्या असतात. दुवा जोडणारं एन्झाइम पेप्टाइडच्या टोकाला असलेली दोन डी-ॲलनिन (हे एक अमिनो ॲसिड) ओळखतं. पेनिसिलिनची बीटा-लॅक्टम कडी हुबेहूब त्या टोकासारखी दिसते, हे टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ मध्ये मांडलं. एन्झाइम तिला आपलं नेहमीचं काम समजून धरतं आणि तिथेच अडकून बसतं. दुसरीकडे, वाढण्यासाठी जुनी भित्तिका जागोजाग तोडणारी एन्झाइम्सही जंतूकडे असतात आणि ती थांबत नाहीत. तोडणं चालू, जोडणं बंद, आतून दाब. मग जंतू फुटतो.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. जंतू भित्तिका बांधतच नसेल तर पेनिसिलिनला करण्यासारखं काही उरत नाही. ग्लॅडिस हॉबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्येच दाखवलं होतं की पेनिसिलिन वाढत असलेल्या जंतूंनाच मारतं. कॅथेटरवर किंवा कृत्रिम सांध्यावर थर करून सुस्त पडलेले जंतू लॅबमध्ये 'एस' येतात आणि पेशंटमध्ये दाद देत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे. आमच्या प्लेटवर ते ताजे, खाऊनपिऊन जोरात वाढत असतात. कॅथेटरवर तसे नसतात. मायकोप्लाझ्माला तर भित्तिकाच नाही, म्हणून त्याच्या न्यूमोनियात ॲमॉक्सिसिलिनचा डोस कितीही वाढवा, फरक पडत नाही. इथे 'पॉवर' कमी पडली असं कोणी म्हणेल का?

पेनिसिलिनं, सेफॅलोस्पोरिनं आणि मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम ही सगळी याच बीटा-लॅक्टम कुटुंबातली. कृती तीच. फरक पडतो तो कोणत्या जंतूच्या आत शिरतात आणि जंतूच्या बीटा-लॅक्टमेज एन्झाइमसमोर किती टिकतात यात. हे एन्झाइम ती कडीच फोडून टाकतं, आणि ते नवीन नाही: एब्रहॅम आणि चेन यांनी त्याचं वर्णन १९४० मध्ये केलं होतं, पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याच्याही आधी. ॲमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड देतात ते यासाठीच. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड स्वतः जंतू मारण्याच्या फारसं कामाचं नाही, ते त्या एन्झाइमला चिकटून त्याला निकामी करतं. पण एमआरएसएने, म्हणजे मेथिसिलिन या पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसने, वेगळीच वाट काढली आहे. त्याने जोडणारं एन्झाइमच बदललं, जे बहुतेक बीटा-लॅक्टमना हात लावू देत नाही. तिथे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घालून उपयोग शून्य, कारण फोडणारं एन्झाइम हा तिथला प्रश्नच नाही. 'साध्या ॲमॉक्सिसिलिनने नाही गेलं, मग क्लॅव्ह असलेलं दिलं, म्हणजे एक पायरी वर' असं जे म्हणतात ते म्हणून अर्धंच खरं.

व्हॅन्कोमायसिनही भित्तिकेवरच काम करतं, पण एन्झाइमला न धरता त्या दोन डी-ॲलनिनच्या टोकालाच मिठी मारतं. एमआरएसएचं बदललेलं एन्झाइम त्यामुळे बिनमहत्त्वाचं होतं. एन्टरोकोकस नावाच्या जंतूने यावर टोकच बदललं, शेवटच्या ॲलनिनच्या जागी लॅक्टेट बसवलं, आणि व्हॅन्कोमायसिनची पकड सुमारे हजार पटीने सैल पडली. तुमच्या आईंच्या रिपोर्टवर मात्र व्हॅन्कोमायसिन नसेलच. ई. कोलायला भित्तिकेच्या बाहेर आणखी एक पटल असतं आणि त्यातली छिद्रं व्हॅन्कोमायसिनच्या अवजड रेणूला पुरत नाहीत. लॅब ते तपासतच नाही.

दुसरा मोठा गट प्रथिनं बनवण्याचं यंत्र अडवतो, म्हणजे रायबोसोम. जंतूचा रायबोसोम आपल्या रायबोसोमपेक्षा लहान आणि घडणीने वेगळा असतो, म्हणून औषध त्याला निवडून धरू शकतं. निवड शंभर टक्के नसते. आपल्या मायटोकाँड्रियातले, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातले, रायबोसोम जंतूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते आहेत, त्यामुळे या गटातलं लिनेझोलिड दोन आठवड्यांपुढे चालवलं की रक्तातल्या पेशींचे आकडे नियमित बघावे लागतात. डॉक्सीसायक्लिन रायबोसोमच्या लहान भागावर बसतं आणि नवं अमिनो ॲसिड आणणाऱ्या टीआरएनएची जागा अडवतं. अझिथ्रोमायसिन मोठ्या भागातल्या त्या बोगद्यात बसतं जिथून तयार होणारं प्रथिन बाहेर पडतं. ही दोन्ही आपल्या पेशींच्या आत चांगली शिरतात, म्हणून क्लॅमिडियासारख्या पेशीत दडून राहणाऱ्या जंतूंवर चालतात.

जेंटामायसिन, अमिकासिन या अमिनोग्लायकोसाइड गटाचं थोडं वेगळं आहे. ती रायबोसोमला थांबवण्यापेक्षा चुकीचं वाचायला लावतात. चुकीची प्रथिनं जंतूच्या पटलात जाऊन बसतात, पटल गळतं, आणखी औषध आत येतं, आणि जंतू मरतो. पण आत शिरण्यासाठी या औषधांना जंतूची ऑक्सिजनवर चालणारी ऊर्जेची व्यवस्था लागते. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंवर म्हणून ती चालत नाहीत, आणि पू साठलेल्या गळवातही, जिथे ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त असते, ती ढेपाळतात. असा रिपोर्ट पाठवताना 'गळवातला नमुना आहे, पू काढलाय ना?' एवढं मी फोन करून विचारतेच.

गट ओळखून वाचलं नाही तर आकडा कसा फसवतो, याचं प्लेटवर डोळ्यांनी दिसणारं उदाहरण सांगते. स्टॅफिलोकोकस पसरलेल्या प्लेटवर एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या कागदी चकत्या १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी क्लिंडामायसिनभोवती जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ दिसतं. आकार मोजला तर औषध खुशाल 'एस'. पण काही वेळा ते वर्तुळ पूर्ण गोल नसतं. एरिथ्रोमायसिनच्या बाजूला चपटं झालेलं असतं, इंग्रजी 'डी' अक्षरासारखं. याला डी-टेस्ट म्हणतात. दोन्ही औषधं रायबोसोमच्या जवळपास त्याच जागी बसतात, आणि या जंतूकडे ती जागा रासायनिक खूण करून बदलणारं जीन आहे, एरवी झोपलेलं. एरिथ्रोमायसिन त्याला जागं करतं, क्लिंडामायसिन सहसा करत नाही. म्हणून एकटं क्लिंडामायसिन लॅबमध्ये छान दिसतं, पण उपचार सुरू असताना ते जीन कायम चालू ठेवणारे जंतू निवडून वर येऊ शकतात. डी दिसला की आकार कितीही मोठा असो, मी क्लिंडामायसिन 'आर', म्हणजे रेझिस्टंट, म्हणून पाठवते.

डीएनएवर काम करणारे गट झटपट सांगते. ई. कोलायचा डीएनए सरळ ताणला तर सुमारे दीड मिलिमीटर भरेल, आणि जंतू स्वतः दोन-तीन मायक्रॉन लांब. ही गुंडाळी सोडवायला त्याची गायरेजसारखी एन्झाइम्स डीएनएचे दोन्ही धागे कापतात, पीळ काढतात आणि पुन्हा जोडतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन त्यांना नेमकं कापलेल्या अवस्थेत अडकवतात. उरतात ते तुटलेले डीएनए. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूवरही काही अंशी चालतं. खोकल्यावर ते अंदाजाने दिलं की क्षय असलेल्या माणसाला चार दिवस बरं वाटतं आणि निदान मागे पडतं. अशा पेशंटचा बेडका आमच्याकडे उशिरा येतो, याची मला खरंच चीड येते. रिफॅम्पिसिन डीएनएवरून आरएनए बनवणारं एन्झाइम अडवतं. जंतूच्या एकाच जागी एक बदल झाला तरी त्याची पकड सुटते, म्हणून क्षयात ते एकटं कधीच देत नाहीत. मेट्रोनिडॅझोल ऑक्सिजन नसलेल्या जंतूच्या आत गेल्यावरच घातक रूप घेतं आणि डीएनए तोडतं. तुमच्या ई. कोलायवर त्याचा उपयोग नाही.

सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम जंतूच्या फोलेट (एक ब जीवनसत्त्व) बनवण्याच्या वाटेवर लागोपाठ दोन ठिकाणी अडवतात. जंतूला फोलेट स्वतः बनवावं लागतं, आपल्याला अन्नातून मिळतं. त्यातही गंमत आहे. पुवात मेलेल्या पेशींमधून थायमिडीन सुटतं, ते जंतूला आयतं मिळालं की वाट अडली तरी त्याचं फारसं अडत नाही. कोलिस्टिन ई. कोलायसारख्यांचं बाहेरचं पटलच उसवतं, पण किडनीलाही झळ लावतं. डॅप्टोमायसिन स्टॅफिलोकोकसच्या पटलावर उत्तम, पण फुप्फुसाच्या आतलं सर्फॅक्टंट नावाचं स्निग्ध अस्तर त्याला बांधून निष्प्रभ करतं, त्यामुळे न्यूमोनियात बाद. औषध तेच, जंतू तोच, जागा बदलली की निकाल बदलतो.

तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येते: सगळी जंतू मारतात का? पुस्तकात दोन रकाने असतात, मारणारी आणि वाढ थांबवणारी. पहिल्या रकान्यात बीटा-लॅक्टम, अमिनोग्लायकोसाइड, सिप्रोफ्लॉक्सासिन. दुसऱ्यात डॉक्सीसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, लिनेझोलिड. व्याख्या लॅबमधली आहे: २४ तासांत ९९.९ टक्के जंतू मेले तर मारणारं. ९९ टक्के मेले तर 'थांबवणारं'! आणि रकाना जंतूप्रमाणे बदलतो. क्लोरॅम्फेनिकॉल ई. कोलायची वाढ नुसती थांबवतं, पण न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूला मारतं. वाढ थांबलेल्या जंतूंचा निकाल आपल्या पांढऱ्या पेशी लावतात, म्हणून बहुतेक संसर्गांत दोन्ही प्रकार सारखेच चालतात. फरक पडतो तो पांढऱ्या पेशी पुरेशा पोचत नाहीत किंवा उरलेल्याच नाहीत अशा ठिकाणी: हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग, मेंदूज्वर, केमोथेरपीनंतर पेशी तळाला गेलेला पेशंट. तिथे मारणारंच औषध शोधतात. आणि कधी उलटही असतं. स्ट्रेप्टोकोकसने स्नायूंपर्यंत मांस सडवणारा संसर्ग झाला तर पेनिसिलिनबरोबर 'थांबवणारं' क्लिंडामायसिन मुद्दाम देतात, कारण प्रथिनं बनणं थांबलं की जंतूचं विषही बनणं थांबतं.

डोसच्या वेळाही कृतीशीच बांधलेल्या असतात, हे बरेच जण हलक्यात घेतात. बीटा-लॅक्टमची पातळी एमआयसीच्या वर किती वेळ राहते ते महत्त्वाचं, म्हणून ते दिवसातून अनेकदा. अमिनोग्लायकोसाइडला एकदाच उंच पातळी गाठणं महत्त्वाचं, म्हणून बहुधा दिवसातून एकदा. ॲमॉक्सिसिलिनचे तीन डोस एकदम घेऊन दिवस भागवला तर ते तीन डोस होत नाहीत.

आता आईंचं. नायट्रोफ्युरँटॉइन जंतूच्याच एन्झाइम्सकडून स्वतःला बदलून घेतं आणि मग रायबोसोमची प्रथिनं, डीएनए अशा अनेक ठिकाणी एकदम मार देतं. ठिकाणं अनेक असल्यामुळे १९५० च्या दशकापासून वापरात असूनही ई. कोलाय त्याला अजून बऱ्यापैकी दबून आहे. आतड्यातल्या बाकी जंतूंनाही ते फारसं छेडत नाही. ताप नाही, कंबरेच्या वरच्या बाजूला दुखणं नाही, संसर्ग मूत्राशयापुरता, असं असेल तर माझ्या मते डॉक्टरांनी अगदी नेमकं औषध निवडलंय. ई. कोलायच्या जागी प्रोटियस हा दुसरा जंतू आला असता तर ते चाललं नसतं, कारण प्रोटियसवर त्याचा मुळातच असर होत नाही.

डॉक्टरांना एक जरूर विचारा: किडनीचं काम बघितलंय का? किडनी मंद असेल तर औषध लघवीत पुरेसं उतरत नाही आणि रक्तात साठून त्रास देतं. गोळी जेवणाबरोबर घ्यावी, त्याने मळमळ कमी होते आणि औषध जास्त शोषलं जातं. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे. थंडी वाजून ताप आला, पाठीत कुशीपाशी दुखू लागलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर मात्र उरलेल्या गोळ्या संपायची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. संसर्ग किडनीपर्यंत चढला असेल तर हे औषध तिथे पुरणार नाही. आणि कोर्स संपून जळजळ गेली असेल तर 'जंतू गेले का बघू' म्हणून पुन्हा कल्चर करायची सहसा गरज नसते. वय झालेल्या बऱ्याच बायकांच्या लघवीत काही त्रास नसताना जंतू सापडतात. तसा रिपोर्ट हातात आला की कोणीतरी औषध सुरू करतंच, आणि बहुतेक वेळा ते नको असतं.